पेद्रेश पोर्तुगेझा: लहान कळपांतून दुर्मीळ कोंबडीचा वंश टिकवण्याची पद्धत

पोर्तुगालच्या वायव्येला मिन्यो हा डोंगराळ आणि भरपूर पावसाचा प्रदेश आहे. तुकड्या-तुकड्यांची शेती, ग्रॅनाइटच्या भिंती, मका, मांडवावर चढवलेले द्राक्षवेल आणि त्या मांडवाखाली दिवसभर उकरत फिरणाऱ्या कोंबड्या, अशी इथल्या वाडीची रचना. याच कोंबड्यांमधल्या चार देशी जातींना पोर्तुगालमध्ये आज अधिकृत मान्यता आहे: करड्या-काळ्या पट्ट्यांची पेद्रेश पोर्तुगेझा, काळी प्रेता लुझितानिका, पिवळसर अमारेला आणि पांढरी ब्रांका. त्यांची वंशनोंद विला व्हर्दे इथली ‘आमिबा’ ही संघटना ठेवते. ही संघटना मुळात बारोझां गाईंच्या पालकांची.

हा लेख पेद्रेशबद्दल आहे. ज्याच्याकडे थोडी जागा आहे आणि जो शेजारपाजारच्या दोन-तीन पालकांशी जुळवून घेऊ शकतो, त्याने नेमके काय करायचे ते इथे दिले आहे. सगळ्या पद्धतीचा पाया एकच: जात किती सुरक्षित आहे, हे कोंबड्यांच्या संख्येवरून कळत नाही. प्रजननाला किती वेगवेगळे नर वापरले आणि प्रत्येक नराची संतती पुढच्या पिढीत उतरली का, यावरून ते कळते. शंभर कोंबड्यांमागे दोनच नर असतील तर तो कळप बघायला कितीही भरलेला दिसो, वंश म्हणून तो अगदी अरुंद आहे.

सुरुवातीचे पक्षी

पक्षी वंशनोंद असलेल्या पालकाकडूनच घ्या. नुसते पट्टे बघून बाजारातून उचलू नका. प्लायमाउथ रॉक या अमेरिकन पट्टेदार जातीच्या रक्ताच्या संकरित कोंबड्या युरोपभर विकल्या जातात आणि तलंगांच्या वयात त्या पेद्रेशसारख्याच भासतात. अशी एक कोंबडी गटात शिरली, तर तिची पिल्ले रंगावरून ओळखता येत नाहीत आणि चूक कळेपर्यंत दोन पिढ्या गेलेल्या असतात. संकरित कोंबडी सहसा वर्षभर जवळजवळ रोज अंडे देते आणि खुडूक बसत नाही. देशी कोंबडी हिवाळ्यात थांबते आणि वसंतात खुडूक होते. पण हा फरक कळायला वर्ष जाते, म्हणून कागदच बघा.

एकाच पालकाकडून एक नर आणि पाच माद्या घेतल्या, तर बहुतेक वेळा ती सगळी भावंडे निघतात. माद्या एकीकडून, नर दुसरीकडून घ्या. नवे पक्षी 30 दिवस वेगळे ठेवा. त्यांचे खाणे-पाणी शेवटी करा आणि त्यासाठी बूट वेगळे ठेवा. पोर्तुगालमध्ये घरगुती कोंबड्यांचीही सरकारी पशुवैद्यकीय खात्याकडे नोंद लागते. बर्ड फ्लूच्या काळात धोक्याच्या भागातील पक्षी आत कोंडण्याचे आदेश निघतात, तेव्हा छत आणि जाळी असलेली बंद जागा आधीपासून तयार हवी.

नरांचे गणित

कळपातले नर आणि माद्या यांच्यावरून ‘परिणामकारक संख्या’ काढतात, म्हणजे वंश म्हणून तो कळप खरोखर किती पक्ष्यांच्या तोडीचा आहे ते. सूत्र साधे आहे: नर गुणिले माद्या गुणिले 4, भागिले दोघांची बेरीज. एका पिढीत रक्त किती जवळ येते, म्हणजे अंतःप्रजनन किती वाढते, ते 1 भागिले या संख्येची दुप्पट. जागतिक अन्न व कृषी संघटना ही वाढ पिढीमागे 1 टक्क्याच्या आत ठेवायला सांगते. म्हणजे परिणामकारक संख्या निदान 50 हवी.

आता हेच आकड्यांत बघा. 1 नर, 20 माद्या: परिणामकारक संख्या 4 सुद्धा भरत नाही, अंतःप्रजनन एका पिढीत सुमारे 13 टक्क्यांनी वाढते. त्याच नरामागे 50 माद्या ठेवल्या तरी हा आकडा जेमतेम हलतो. 5 नर, 50 माद्या: परिणामकारक संख्या 18. वाड्यावाड्यांवर कोंबड्या भरपूर असूनही जाती का आटत गेल्या, याचे एक मोठे कारण इथे दिसते. नर जास्त खातो, भांडतो, अंडी देत नाही. म्हणून घरोघरी एकच ठेवतात आणि बाकीचे भातात शिजतात.

नर वाढवणे हा एक उपाय. दुसरा उपाय जास्त ताकदीचा आणि जवळजवळ फुकट आहे. प्रत्येक नराच्या जागी त्याचाच एक मुलगा आणि प्रत्येक मादीच्या जागी तिचीच एक मुलगी ठेवायची. कोणाचीही संतती जास्त नाही, कोणाचीही कमी नाही. असे केले की गणित बदलते: 1 भागिले परिणामकारक संख्या बरोबर 3 भागिले (16 गुणिले नर) अधिक 1 भागिले (16 गुणिले माद्या). 12 नर आणि 24 माद्या घ्या. जिथे योगायोगाने ज्याची पिल्ले जगतील ती ठेवली जातात, तिथे परिणामकारक संख्या 32 येते. समान वारसाने तीच सुमारे 55 होते. तेवढेच पक्षी, तेवढेच खाद्य.

माद्या 24 वरून 60 केल्या तर 55 चे फक्त 60 होतात. उलट माद्या 24 च ठेवून नर 12 वरून 16 केले, तर आकडा 70 च्या जवळ जातो. खाद्याचे पैसे मर्यादित असतील तर दहा माद्या कमी करून दोन नर वाढवा.

एकट्याने हे जमत नाही, हेही याच हिशेबातून दिसते. 3 नर आणि 15 माद्या, सगळे नियम पाळून, परिणामकारक संख्या 15 देतात, वाढ 3.3 टक्के. म्हणून चार पालकांनी प्रत्येकी तीन गट सांभाळावेत आणि बारा गटांचा एक कळप मानावा. एका वाडीवर रोग आला किंवा कोल्हा शिरला तरी नऊ गट उरतात.

बारा गटांची फेरी

प्रत्येक गटात 1 नर, 5 माद्या. एका नरामागे दोनच माद्या ठेवल्या तर तो त्यांच्या पाठी सोलून काढतो; दहापेक्षा जास्त ठेवल्या तर फलन घसरू शकते. गटांना 1 ते 12 क्रमांक द्या. मुली जन्मल्या त्याच गटात राहतात. मुलगा पुढच्या गटात जातो: पहिल्याचा दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, बाराव्याचा पहिल्यात. दिशा कधीही उलटी करायची नाही आणि गट कधीही ओलांडायचा नाही. ‘पाचव्या गटातला नर दिसायला फार देखणा आहे, दोन गटांना वापरू’ असा मोह झाला की सगळा हिशेब कोसळतो.

सुरुवातीचे बारा नर एकमेकांचे नात्यातले नसतील, तर या फेरीत सख्खी आणि सावत्र भावंडे समोरासमोर येत नाहीत. त्यातही नर-माद्या दोन वर्षे वापरा. वाढ पिढीमागे मोजली जाते, म्हणून पिढी जितकी लांबेल तितके रक्त सावकाश जवळ येते.

प्रत्येक नराचा एक सख्खा भाऊ राखीव म्हणून दुसऱ्या पालकाच्या वाडीवर ठेवा. जानेवारीत नर मेला आणि राखीव नसला, तर त्या गटाची रेषा तिथेच तुटते.

नर बदलल्यावर तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या शरीरात जुन्या नराचे शुक्राणू दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. त्या काळातली अंडी खायला वापरा, उबवायला नाही. नोंदवहीत चुकीचा बाप शिरण्याची सर्वांत सोपी वाट हीच आहे.

पट्ट्यांचा रंग आणि काळ्या तलंगांचे कोडे

पेद्रेशचे पट्टे लिंगाशी जोडलेल्या जनुकामुळे येतात. पक्ष्यांमध्ये नराला झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, मादीला एकच. शुद्ध नरात पट्ट्यांच्या जनुकाच्या दोन मात्रा येतात, म्हणून तो एकूण फिकट दिसतो. मादीत एकच मात्रा, म्हणून ती गडद. नर फिकट आणि मादी गडद हा दोष नाही, शुद्धतेचे लक्षण आहे. दोघांना एकाच छटेवर आणायच्या नादात गडद नर निवडत गेलात, तर पट्ट्यांची एकच मात्रा असलेले नर कळपात भरतात.

अशा एकमात्र नराची खूण म्हणजे त्याच्या काही मुली काळ्या निघतात. पुष्कळ जण तेव्हा आईला दोष देऊन तिला काढून टाकतात. ते चूक आहे. मुलीला तिचे एकमेव झेड गुणसूत्र बापाकडूनच मिळते, म्हणून काळी मुलगी नेहमी बापाकडे बोट दाखवते. एकमात्र नराच्या सरासरी निम्म्या मुली काळ्या येतात. आठ-दहा मुलींत एकही काळी नसेल, तर नर शुद्ध असल्याची खात्री जवळजवळ पूर्ण.

काळी प्रेता लुझितानिका आणि पेद्रेश एकाच अंगणात मोकळ्या सोडल्या की हा गोंधळ होतोच. काळा नर आणि पट्टेदार मादी यांचे सगळे मुलगे पट्टेदार, सगळ्या मुली काळ्या. ते पट्टेदार मुलगे बघायला नीट पेद्रेश, पण निम्मे परके. दोन्ही जाती ठेवायच्या असतील तर फेब्रुवारी ते जून कुंपण हवेच.

तरीही रंगावरून फार छाटणी करू नका. एकमात्र नर जर एखाद्या गटाचा शेवटचा वारस असेल, तर त्याला ठेवा, त्याच्या पट्टेदार मुली निवडा आणि पुढच्या फेरीत येणाऱ्या शुद्ध नराने ते सुधारू द्या. रंग दोन पिढ्यांत दुरुस्त होतो. गेलेली रेषा परत येत नाही.

अंडी जमवणे

मिन्यो 41 ते 42 अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात दिवस सुमारे सव्वानऊ तासांचा, जूनमध्ये पंधरा तासांचा. कोंबडी बारा-चौदा तासांच्या उजेडावर मोसमाला येते, म्हणून उबवणीची अंडी मार्च ते मे या काळातलीच घ्या. दिवे लावून हिवाळ्यात काढलेली पिल्ले थंड, ओल्या दिवसांत वाढवावी लागतात आणि मर वाढते.

समजा फलन 85 टक्के, फलित अंड्यांतून 80 टक्के पिल्ले, आणि पाच महिन्यांपर्यंत 90 टक्के जगली. म्हणजे 100 अंड्यांमागे 61 पक्षी. एका गटाला 1 नर, 1 राखीव नर आणि 5 माद्या हव्यात. निवडीला वाव मिळावा म्हणून प्रत्येक गटाची 40 अंडी बसवा. त्यातून साधारण 12 नर, 12 माद्या हाती येतात.

कोणते अंडे कोणत्या आईचे, हे कळायला झाकण पडणारे खुराडे लागते: कोंबडी आत शिरली की दार पडते आणि सोडवेपर्यंत ती आतच राहते. सकाळी दर तासाला फेरी मारावी लागते. हे वर्षभर करायची गरज नाही, अंडी जमवण्याचे तीन आठवडे पुरे. तेवढेही शक्य नसेल, तर निदान गटवार समानता पाळा. अंड्यावर मऊ पेन्सिलीने गट, आईच्या कडीचा क्रमांक आणि तारीख लिहा. मार्कर पेनची शाई वापरू नका.

दिवसातून दोनदा गोळा करा. 15 ते 18 अंश सेल्सिअसवर, टोकदार बाजू खाली, सात दिवसांपर्यंत ठेवा. फ्रिजच्या 4 अंशांत नाही. सात दिवसांनंतर रोज थोडी-थोडी उबवण क्षमता घटते, दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने पडते. घाण अंडी धुऊन वापरू नका. ओल्या कवचातून जंतू आत ओढले जातात.

उबवण

पंखा असलेल्या यंत्रात 37.5 ते 37.7 अंश, आर्द्रता 50 ते 55 टक्के. दिवसातून निदान पाच वेळा फिरवणे. हाताने करत असाल तर विषम वेळा, म्हणजे रोजची लांब रात्र आलटून पालटून वेगळ्या कुशीवर जाते. अठराव्या दिवशी फिरवणे बंद आणि आर्द्रता 65 ते 70 टक्के. या वेळी एका आईची अंडी एका जाळीच्या पेटीत वेगळी ठेवा. पिल्ले एकत्र मिसळली की महिनाभराच्या नोंदी वाया जातात. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात.

सातव्या आणि अठराव्या दिवशी अंडी प्रकाशासमोर धरून बघा. स्वच्छ निघालेले अंडे फेकण्याआधी फोडा. बलकावर घट्ट पांढरा ठिपका असेल तर फलन झालेच नव्हते: नर म्हातारा, जाड किंवा आजारी. रक्ताचे बारीक कडे दिसले तर फलन झाले आणि गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला: अंडी जुनी, किंवा साठवताना तापली. अठराव्या दिवसानंतर पूर्ण वाढलेले पिल्लू कवचात मेले असेल, तर आर्द्रता, हवा आणि फिरवणे तपासा. पिल्ले विसाव्या दिवशीच, बेंबी उघडी ठेवून निघाली तर तापमान जास्त होते.

यंत्र आणि साठवण नीट असूनही एकाच गटाची उबवण वर्षागणिक पडत असेल, तर रक्त जवळ आले आहे, असे समजा. अंतःप्रजननाचा फटका बसतो तो आधी इथे, मग पिल्लांच्या जगण्यात. पिसांत आणि तुऱ्यात तो दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून गटवार उबवण टक्केवारी ही वहीतली सर्वांत मोलाची ओळ.

पेद्रेशच्या खुडूक कोंबड्यांना थोडी कामे जरूर द्या. मध्यम कोंबडीखाली 10 ते 12 अंडी. खुडूक बसण्याचा आणि पिल्ले वाढवण्याचा गुण हाही जातीचा भाग आहे. सगळेच यंत्रात उबवत गेलात, तर ज्या माद्या कधी खुडूक होत नाहीत त्यांचीच अंडी जास्त मिळतात आणि न कळत तो गुण पुसला जातो.

पिल्ले आणि खाद्य

पहिला आठवडा दिव्याखाली 34 ते 35 अंश, मग दर आठवड्याला 3 अंश कमी. पिल्ले दिव्याखाली दाटली तर थंडी, कडेला पांगून चोची उघडल्या तर उष्णता. फुटल्या दिवशीच पंखावर क्रमांकाची पट्टी लावा. पायातली कडी दोन-तीन आठवड्यांत सैल किंवा घट्ट होते.

मरेक्स या कोंबड्यांच्या विषाणूरोगाची लस पहिल्याच दिवशी टोचावी लागते, नंतर तिचा उपयोग फारसा राहत नाही. अडचण अशी की एक कुपी साधारण हजार डोसांची असते आणि विरघळवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. उपाय एकच: चारही पालकांनी एकाच दिवशी अंडी बसवायची, म्हणजे पिल्लेही एकत्रच फुटतील. मानमोडी आणि गंबोरोचे वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकाकडून घ्या. मिन्योच्या ओलाव्यात तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रक्ती हगवण जास्त मारते. भुसा मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर तो ओला आहे; बदला.

सहा आठवड्यांपर्यंत 20 टक्के प्रथिनांचे खाद्य, पुढे 15 ते 16 टक्के. मोकळ्या चाऱ्यात मका आणि तिथल्या परसात उंच वाढणारी कोबीची पाने देण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पण वरखाद्य म्हणूनच. नुसत्या मक्यावर लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे आवश्यक घटक कमी पडतात. अंडी उबवायची असतील तर साधे लेयर खाद्यही, म्हणजे खायच्या अंड्यांसाठीच्या कोंबड्यांचे खाद्य, पुरत नाही. आईच्या खाद्यात जीवनसत्त्व ब-2 कमी पडले की पिल्ले बोटे आत वळलेली निघतात. अंडी गोळा करण्याआधी किमान तीन आठवडे प्रजननाचे खाद्य सुरू करा.

जागा बाहेर पक्ष्यामागे 4 चौरस मीटर, आत एका चौरस मीटरला तीन-चार पक्षी. जाळी 1.8 मीटर उंच आणि 30 सेंटिमीटर जमिनीत गाडलेली. कोल्ह्याखेरीज इथे जेनेट हा झाडावर चढणारा शिकारी आहे, म्हणून रात्रीच्या खुराड्याला वरूनही जाळी हवी.

निवड

वीस आठवड्यांना प्रत्येक पक्षी हातात घेऊन बघा. वाकडी चोच, वळलेली छाती, एका बाजूला पडलेली शेपटी, तुऱ्याच्या बाजूला फुटलेला कोंब, वाकडी बोटे: हे बाद. राहिलेल्यांत कुटुंबातल्या कुटुंबात निवडा. अमुक आईच्या तीन मुलींपैकी सर्वांत निरोगी कोणती, एवढाच प्रश्न. वेगवेगळ्या आयांच्या मुली एकमेकींशी तोलू नका. सर्वांत वजनदार पक्षी निवडत गेलात, तर दोन-तीन कुटुंबेच उरतील आणि वर काढलेले सगळे आकडे कागदावरच राहतील.

गटामागे दहाएक नर उरतात. त्यांचे काय करायचे ते आधी ठरवा, कारण खर्च भरून येतो तो त्यांच्यातूनच. मिन्योत या सावकाश वाढणाऱ्या मोकळ्या कोंबड्यांना मान आहे. रक्त व्हिनेगरात न गोठू देता त्यात भात शिजवण्याची ‘काबिदेला’ची पद्धत अशाच पक्ष्यांवर उभी आहे. पाच-सहा महिन्यांनीच विका. तीन महिन्यांत त्यांच्या अंगावर मांस नसते आणि संकरित पक्ष्यांच्या दराशी तुलना होऊन नुकसान होते. शेजारच्या फ्रेमुंदेत खच्ची केलेल्या कोंबड्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि 13 डिसेंबरला सांता लुझियाची त्यांची जत्रा भरते. चांगल्या, जुन्या चवीला दाम मिळतो, हे तिथे दिसते.

भारतातल्या वाचकांनी पेद्रेशची अंडी मागवायच्या भानगडीत पडू नये. परवान्याशिवाय ती आणणे बेकायदेशीर आहे आणि रोगाचा धोका मोठा. मात्र असीलसारख्या आपल्या जातींचे कळप सांभाळणाऱ्यांना नरांचे गणित आणि गटांची फेरी जशीच्या तशी वापरता येते.

गोठवलेले वीर्य: काय वाचते, काय नाही

पोर्तुगालची राष्ट्रीय पशु-जननद्रव्य पेढी सांतारेमजवळ फोंत बोआ इथे आहे. कोंबड्याचे वीर्य गोठवता येते, पण ग्लिसरॉल वापरले असेल तर रेतनाआधी ते काढून टाकावे लागते. कोंबडीच्या शरीरात ग्लिसरॉल फलन रोखते. बलक मोठा असल्यामुळे कोंबडीचे अंडे किंवा गर्भ गाईसारखा गोठवता येत नाही.

नुसत्या वीर्यातून जात परत उभी करायची, तर दुसऱ्या जातीच्या माद्यांवर आणि मग त्यांच्या मुलींवर पिढ्यान्‌पिढ्या पेद्रेशचेच वीर्य वापरावे लागते. पहिल्या पिढीत पेद्रेशचा वाटा 50 टक्के, मग 75, 87.5, 93.75, आणि पाचव्या पिढीला जवळपास 97. आईकडूनच येणारे डब्ल्यू गुणसूत्र आणि मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा वारसा मात्र यातून कधीच परत मिळत नाही. म्हणून जिवंत माद्यांचा कळप हाच मुख्य साठा. वीर्य द्यायची संधी आली, तर सर्वांत देखणे चार नर न नेता बारा गटांतून प्रत्येकी एक नर न्या, आणि त्याच्या पंखपट्टीचा क्रमांक, गट व आईबापांची नोंद सोबत द्या. नोंद नसलेली नळी पुढे कोणत्या गटात वापरायची, हे कोणालाच ठरवता येणार नाही.